नवी पेठेतले एक संगणक दुकान आणि ‘एस’ अक्षराची वही

सोलापुरात नवी पेठेचा मुख्य रस्ता सोडून आत वळले की एका कापड दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून, हे दुकान लागते. जुने लॅपटॉप दुरुस्त करून त्यांवर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक प्रणाली, टाकून देणे हा तिथला मुख्य व्यवसाय आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही सांगायची आहे आणि ती आता मिटलेली आहे.

माझा लॅपटॉप २०१७ सालचा, इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे एका पिढीच्या फरकाने चांगले चालणारे यंत्र बाद ठरले. दोन ठिकाणी ‘नवीनच घ्या’ असा सल्ला मिळाल्यावर, २०२६ च्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यानंतर, मी या दुकानात गेलो. मालकांनी आधी खालचे झाकण उघडून पाहिले, हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान अशी एसएसडी बसवावी, रॅम चार जीबीवरून आठ करावी आणि त्यावर उबुंटू घ्यावे असे सुचवले, आणि सुट्या भागांची किंमत व ७०० रुपये मजुरी एका कागदावर वेगवेगळी लिहून दिली. असा हिशेब आधी हाती देणारे दुकान दुर्मीळ आहे.

फाइलींची प्रत निघेपर्यंत बसावे लागले, तेव्हा काउंटरवरच्या लांबट वहीकडे लक्ष गेले. उबुंटूच्या पुढच्या आवृत्तीचे सांकेतिक नाव काय असेल याचा अंदाज ग्राहकांनी त्या वहीत लिहायचा, आणि ज्याचा बरोबर येईल त्याला एक किलो शेंगा चटणी, असा तिथला रिवाज आहे. प्रथम मला हा पोरखेळ वाटला. परंतु वहीच्या पहिल्या पानावर मालकांनी स्वतःच्या अक्षरात नियम लिहून ठेवले आहेत, आणि ते वाचल्यावर हा खेळ अभ्यासाचा आहे हे ध्यानात आले.

उबुंटूचे प्रत्येक नाव एक विशेषण आणि एक प्राणी मिळून बनते, आणि दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. २००४ च्या ऑक्टोबरमधील पहिली आवृत्ती ‘वॉर्टी वॉर्टहॉग’ होती. तिच्यानंतरच्या दोन नावांत अक्षरांचा क्रम नव्हता. तो सुरू झाला २००६ च्या ‘डॅपर ड्रेक’पासून. आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना. ‘डॅपर ड्रेक’ एप्रिलऐवजी जूनमध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ६.०६ पडला. दर सहा महिन्यांना एक अक्षर याप्रमाणे सव्वीस अक्षरांची फेरी तेरा वर्षांत पुरी होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘झेस्टी झेपस’ने वर्णमाला संपली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘आर्टफुल आर्डवार्क’ने ती पुन्हा सुरू झाली. एप्रिल २०२६ च्या २६.०४ चे नाव ‘रिझोल्यूट रॅकून’ असे आधीच जाहीर झालेले असल्यामुळे वहीत तेव्हा २६.१० ची, म्हणजे ‘एस’ची, पाने चालू होती. रॅकून दोघांनी ओळखला होता. ‘रिझोल्यूट’ मात्र कोणालाच सुचले नाही, त्यामुळे चटणी दुकानातच राहिली.

मी ‘सेरेन (शांत) सारस’ असे लिहिले आणि सारस क्रौंच आपल्या देशातला पक्षी असल्याचा थोडा अभिमानही वाटला. मालक म्हणाले, “काका, प्राणी चांगला आहे, पण विशेषण चुकलं. सेरेन एलटीएसला शोभलं असतं.” त्यांचे म्हणणे असे की दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये, येणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीला, म्हणजेच एलटीएसला, पाच वर्षे सुरक्षा-अद्यतने मिळतात आणि तिचे विशेषण बहुधा गंभीर प्रकृतीचे असते: हार्डी, ल्युसिड, प्रिसाइज, ट्रस्टी, नोबल, रिझोल्यूट. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार असतो, आणि त्यांच्या वाट्याला ग्रूव्ही, डिस्को, प्लकी अशी खेळकर विशेषणे अधिक येतात. ‘बायॉनिक’ आणि ‘जॅमी’ या आवृत्त्या दीर्घकालीन असूनही त्या चौकटीत बसत नाहीत, हे मी दाखवून दिले. ते त्यांनी हसत मान्य केले. प्राण्यांच्या बाबतीत मात्र त्यांची बाजू भक्कम आहे. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतला एकही प्राणी पुन्हा आलेला नाही, त्यामुळे ज्यांनी सॅलमँडर लिहिला आहे (तो २०१३ मध्ये होऊन गेला) त्यांनी चटणीची आशा सोडावी. मी विशेषण खोडून ‘स्प्राइटली’ (चपळ) केले.

अँड्रॉइड आणि मॅकओएस यांची नावे मालक वहीत घेत नाहीत. अँड्रॉइडने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून गोड पदार्थांची नावे जाहीरपणे वापरणे सोडले, आणि ॲपल २०१३ च्या ‘मॅव्हरिक्स’पासून कॅलिफोर्नियातील ठिकाणांची नावे देते, जिथे अक्षराचे बंधनच नसल्यामुळे अंदाजाला धरायला काही उरत नाही. हा निर्णय मला पटला.

आता तक्रार. चार दिवसांनी लॅपटॉप घरी आणला, सुरू केला आणि पडद्यावर क्वोका या लहानशा ऑस्ट्रेलियन प्राण्याचे चित्र दिसले. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या पार्श्वचित्रात बहुधा त्या त्या आवृत्तीचा प्राणी असतो. मालकांशी माझे ठरले होते ते २४.०४, म्हणजे ‘नोबल नम्बॅट’, टाकायचे, ज्याचा नियमित आधार २०२९ पर्यंत आहे. बसवले होते २५.१०, म्हणजे ‘क्वेस्टिंग क्वोका’, ज्याचा आधार जुलै २०२६ मध्ये संपतो. पावतीवर नुसते ‘उबुंटू’ लिहिलेले होते. वही वाचली नसती तर चित्र गोजिरवाणे आहे एवढेच म्हणून मी गप्प बसलो असतो, आणि पावसाळ्यात आपोआप पुढच्या आवृत्तीवर जाण्याच्या सूचना येऊ लागल्यावर गोंधळलो असतो. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा कळले की हाताखालच्या मुलाने, नवीन अक्षर म्हणजे चांगली आवृत्ती, या समजुतीने ती बसवली होती. मालकांनी त्याला माझ्यासमोर रागावणे टाळले, माझ्या फाइलींची पुन्हा प्रत काढली, दोन तासांत २४.०४ बसवून दिली आणि जादा पैसे घेतले नाहीत. तरीही पावतीवर आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची शिस्त त्यांनी लावून घ्यायला हवी. ज्या दुकानात सहा महिने पुढचे नाव वहीत लिहिले जाते तिथे आज बसवलेले नाव पावतीवर नसावे, हे विचित्र आहे.

कामाविषयी सांगायचे तर लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यांनी स्वतः बसवून दाखवला आणि जुना प्रिंटर कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर न टाकता चालला. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये टंकलेल्या माझ्या जुन्या पत्रांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ती उघडतात, पण फॉण्ट नसल्यामुळे अक्षरे इंग्रजी चिन्हांसारखी दिसतात, आणि ती रूपांतरित करून देण्याची सेवा दुकानात नाही. ज्यांचा बराच जुना मराठी मजकूर अशा फाइलींत अडकलेला आहे त्यांनी ही गोष्ट आधीच विचारून घ्यावी. जिना चढणे ज्यांना कठीण आहे त्यांनी खालून फोन केल्यास मुलगा यंत्र न्यायला येतो.

यंत्र परत घेताना मी वही पुन्हा चाळली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या प्रेमापोटी असेल, कोणीतरी ‘एस’च्या पानावर माळढोक लिहून ठेवला आहे. इंग्रजीत तो बस्टर्ड, म्हणजे ‘बी’, त्यामुळे या फेरीत तो नियमात बसत नाही. मालकांनी ती ओळ खोडलेली नाही. समासात लाल शाईने ‘३१.०४ ला पाहू’ असे लिहिले आहे.