लाँगबो की रिकर्व्ह? एडक्याची सोडत लागल्यावरचा प्रश्न

ॲरिझोनात डेझर्ट बिगहॉर्न या रानमेंढीच्या एडक्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागणं म्हणजे म्हाडाचं घर लागण्यासारखंच. तेही असं, की एकदा एडका मिळाला की या जातीसाठी आयुष्यभर पुन्हा अर्ज नाही. एवढं असून बंदूक सोडून, चाकं-कप्प्या नसलेलं साधं धनुष्य कशाला, हे बायकोने विचारलं. तिला पटेल असं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. धनुष्य कोणतं न्यायचं, याचा मात्र वर्षभर कीस पाडलाय.

माझ्याकडे दोन्ही आहेत. 60 इंची, तीन तुकड्यांत सुटणारा रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, आणि 66 इंची अखंड लाँगबो, म्हणजे लांब, सरळसोट धनुष्य. ओढ, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, दोन्हींची 50 पाउंड.

चढताना रिकर्व्हसारखं सुख नाही. ॲरिझोनातल्या कोफासारख्या डोंगरात दगड पायाखालून निसटतात, धरायला जावं तिथे चोया निवडुंगाचे काटे. तेव्हा धनुष्य सुटं करून पाठपिशवीत आणि दोन्ही हात मोकळे! लाँगबो प्रत्येक पालोव्हर्दे झाडाच्या फांदीत अडकतो. कपारीत गुडघे टेकून बसलो की त्याचं खालचं टोक खडकाला टेकतं, आणि टेकलेलं असताना बाण सोडला तर तो कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून मी अंगणात दोन विटा मांडून, तिरकं बसून, पाठीवर ओझं घेऊन सराव केला. वेग रिकर्व्हचा किंचित जास्त वाटतो. पण 20 यार्डांपलीकडे मी बाण सोडतच नाही, तेव्हा त्याचं मला फारसं अप्रूप नाही.

मग घोडं अडलं कुठे? करकरण्यात. रिकर्व्हच्या भुजा मुठीवरच्या खाचेत स्क्रूने बसतात. त्या खाचेत वाळवंटातली बारीक धूळ गेली, की ओढताना बरोबर शेवटच्या दोन इंचांत धनुष्य करकरतं, जुन्या पलंगासारखं. घरी ऐकू येत नाही. जानेवारीत सराव म्हणून म्यूल डीअर हरणाच्या मागे गेलो होतो. सव्वा तास सरपटून नर टप्प्यात आणला, ओढलं, आणि कर्रर्र. त्या शांततेत मला तो आवाज दार उघडल्यासारखा वाटला. नराने मान वर केली, दोन उड्यांत पार. नंतर खाच पुसली, मेण लावलं. महिनाभर गप्प, मग पुन्हा सुरू.

एडक्याची भिस्त कानांपेक्षा डोळ्यांवर, असं जाणकार सांगतात. खरंच असेल. घरंगळणारे दगड त्याला रोजचेच. पण लाकडाची करकर त्या डोंगरात दुसरं कोण करणार? अखंड लाँगबोत मुळात सांधाच नाही, करकरणार काय! डिसेंबरात मी तोच नेणार आहे, फांद्यांना शिव्या देत.

तुम्ही विमानाने येणार असाल, तर मात्र 66 इंची काठी सामानात टाकणं जिकिरीचं आहे. मग रिकर्व्हच आणा. रोज पहाटे जोडण्याआधी खाची जुन्या टूथब्रशने झाडा, आणि डोंगर चढण्याआधी तंबूपाशीच एकदा पूर्ण ओढून, दोरी हळूच परत आणताना कान देऊन ऐका.