चुना की इमल्शन? चिऱ्याच्या घरात दोन्ही देऊन पाहिलं

कोकणातलं आमचं घर जुनं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. गणपतीआधी भिंती स्वतःच रंगवायच्या असं आम्ही नवराबायकोने ठरवलं आणि पुढच्या खोलीला इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा तयार प्लास्टिक रंग, आणि माजघराला चुना दिला.

इमल्शनचं काम सुटसुटीत. घासकाम, पुट्टी, प्रायमर, मग रोलरने दोन हात. हवा तो रंग मिळतो, डाग ओल्या फडक्याने पुसला जातो. पण चिरा जमिनीतली ओल वर ओढतो आणि इमल्शनचा थर ती बाहेर जाऊ देत नाही. पुढच्याच पावसाळ्यात जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत फुगे आले. नखाने टोचलं की पापुद्रा सुटून आत ओलसर भुगा.

चुन्याला मेहनत जास्त. कळीचा चुना पाण्यात पडला की रटरट उकळतो. म्हणून लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडे थोडे खडे. चष्मा आणि हातमोजे हवेतच. रात्रभर मुरवून फडक्यातून गाळला, डिंकाचं पाणी घातलं, भिंत ओली करून कुंच्याने पातळ तीन हात दिले. ओला असताना काहीच लागलं नाही असं वाटतं आणि जाड थर द्यायचा मोह होतो. तो टाळा, जाड चुना तडकतो. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून भिंत हळूहळू पांढरीशुभ्र होते. टेकून बसलं की पाठीला लागतो, हे खरं. दर एक-दोन वर्षांनी हातही द्यावा लागतो. पण ओल उडून जाते.

सिमेंटच्या कोरड्या फ्लॅटमध्ये मी इमल्शनच देईन. इथे मात्र चुनाच. पुढची खोलीही आता आम्ही खरवडायला घेतली आहे.