लोगो गुलाबी पडल्यावर नेमलेली सल्लागार: दहा महिन्यांचा अनुभव

पाण्याचे औद्योगिक पंप बनवणाऱ्या कंपनीत मी मार्केटिंग सांभाळतो. मार्केटिंग म्हणजे प्रदर्शनं, कॅटलॉग आणि वर्षातून चार-पाच वेळा कुणाला ना कुणाला लोगोवाल्या वस्तू वाटणं. हे शेवटचं काम सगळ्यांनाच सोपं वाटतं, म्हणून ते कधी कुणी नीट केलंच नव्हतं. मीही नाही.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनासाठी मरून टी-शर्ट छापून घेतले. कापड ड्राय-फिट, म्हणजे निव्वळ पॉलिएस्टर, आणि त्यावर पांढरा लोगो. माल आला त्या दिवशी बघत राहावं असा. आठवड्याने प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी खोकी उघडली तर लोगो गुलाबी. व्हेंडरला फोन लावला. "साहेब, कुणीतरी धुतले असतील." अहो, पिशवीचं सील फोडलेलं नाही आणि धुतले कुणी?

त्यानंतर ठरवलं की यापुढे स्वस्तात स्वस्त कोटेशनवर ऑर्डर द्यायची नाही, लोगोवाल्या वस्तूंच्या धंद्यातला जाणकार सल्लागार शोधायचा. तिघांना भेटलो. तिघांपुढे तोच गुलाबी टी-शर्ट ठेवला आणि एवढंच विचारलं, हे असं का झालं?

पहिला म्हणाला, शाई हलकी. दुसरा म्हणाला, आम्ही बेस्ट क्वालिटी वापरतो, आमच्याकडे असं होणारच नाही. तिसऱ्या मॅडमनी टी-शर्ट उलटा केला, आतलं लेबल वाचलं आणि मलाच विचारलं, "भट्टीचं तापमान किती ठेवलं होतं, काही सांगितलं होतं का त्यांनी?" मग समजावलं. नेहमीची प्लास्टिसोल शाई पक्की व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. तेवढ्या तापात पॉलिएस्टरचा रंगच वायू होऊन वरच्या शाईत शिरतो. लगेच दिसत नाही, पुढचे काही दिवस तो हळूहळू चढत राहतो. मरून आणि लाल कापड यात सगळ्यात बदनाम. उपाय म्हणजे कमी तापात पक्की होणारी शाई, तिच्याखाली रंग अडवणारा थर आणि मुख्य म्हणजे एक नग छापून आठवडाभर ठेवून बघणं. त्या आठवड्याची सोय वेळापत्रकात आधीच करावी लागते. आम्ही तर चार दिवसांत माल मागितला होता.

मी तिथेच ठरवलं. तरी पात्रतेचं बोलायला हवं, कारण त्या तिघांतल्या दुसऱ्याच्या कार्डावर मोठ्या संस्थेचं नाव ठळक होतं आणि मी जवळजवळ भुललो होतो. या क्षेत्रातली जुनी संस्था म्हणजे अमेरिकेतली पीपीएआय, १९०३ सालची. ती अभ्यासक्रम आणि अनुभव यांच्या जोरावर सीएएस आणि त्याच्या वरची एमएएस अशा पदव्या देते. एएसआय या दुसऱ्या संस्थेच्या बीएएसआय आणि एमएएसआय अशा पदव्या आहेत. पण सभासदत्व वेगळं आणि पदवी वेगळी. सभासद क्रमांक वर्गणी भरून मिळतो, पदवीसाठी अभ्यास करावा लागतो. दुसऱ्याकडे फक्त क्रमांक होता. मॅडमकडे सीएएस होती, आणि ती मी विचारल्यावर कळली. नुसती पदवी बघून मी त्यांना घेतलं असतं का? नाही. टी-शर्ट उलटा केला म्हणून घेतलं.

पहिल्या भेटीत त्यांनी एकही वस्तू दाखवली नाही, याचा आमच्या पर्चेसवाल्यांना फार राग आला. पाऊण तास नुसते प्रश्न. कुणाला देणार, घेणारा ती कुठे ठेवणार, घरी कशी नेणार, किती दिवस टिकायला हवी, लोगोची व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) आहे का, रंगाचा पॅन्टोन क्रमांक (छपाईवाल्यांना नेमकी छटा सांगणारा) काय. शेवटच्या दोन्हींवर आम्ही गप्प. आमच्याकडे वेबसाइटवरून उतरवलेली जेपेग होती आणि रंग म्हणजे "आपला निळा". त्या म्हणाल्या, आधी डिझायनरकडून हे दोन्ही आणा, मग मला बोलवा. काम हातात असताना परत जाणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या एका क्रमांकाने किती कटकट वाचली ते नंतर कळलं. तोच क्रमांक गुळगुळीत कागदासाठी वेगळा आणि खरखरीत कागदासाठी वेगळा दिसतो, म्हणून त्याच्या मागे सी किंवा यू लागतं. ब्लीच न केलेल्या सुती पिशवीचा पिवळसर रंग खालून वर येतो आणि निळा हिरवट दिसतो. त्यासाठी खाली पांढरा थर, म्हणजे आणखी एक स्क्रीन (छपाईची जाळी), म्हणजे आणखी खर्च. मॅडमनी दोन्ही पिशव्या छापून समोर ठेवल्या आणि निर्णय आमच्यावर सोडला. आम्ही हिरवट घेतली नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पॉवर बँकच्या वेळी. डीलर संमेलनात दहा हजार एमएएचच्या पॉवर बँक द्यायच्या होत्या. पर्चेसने एक नग निवडला, पुढची आणि मागची बाजू भरून लोगो, एकदम झकास. मॅडमचा पहिला प्रश्न: "डीलर परत विमानाने जाणार का?" निम्मे जाणार होते. मग त्यांनी हिशेब मांडला. आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७, म्हणजे ३७ वॉट-तास. विमानात विनापरवानगी चालणारी मर्यादा १०० वॉट-तासांची, तेव्हा तिथे अडचण नाही. पण ती हातातल्या सामानातच न्यायची, चेक-इन बॅगेत चालत नाही. आणि मागे लोगो छापला की क्षमतेचे आकडे झाकले जाणार, मग तपासणीला काय दाखवणार? मागची बाजू मोकळी ठेवली आणि डब्यात "हातातल्या बॅगेत ठेवा" अशी चिठ्ठी टाकली. वाहतुकीसाठी यूएन ३८.३ या लिथियम बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा अहवाल त्यांनी पुरवठादाराकडून मागवला. एकाकडे तो नव्हताच, तो पुरवठादार तिथेच गळला.

त्याच बैठकीत आमच्या साहेबांना दहा हजारांतले सगळे दहा हजार फोनमध्ये जातात असं वाटत होतं. ५ व्होल्टवर काढायचे म्हटलं की गणितानेच ७४०० उरतात, आणि रूपांतरात वाया जाते ती वीज वेगळीच. "म्हणजे सगळेच फसवतात?" साहेब. "नाही साहेब, डब्यावर बारीक अक्षरात खरा आकडा असतो. तो ज्याच्यावर नाही, तो घेऊ नका."

आता तक्रारी. कमी नाहीत.

टोप्यांच्या ऑर्डरीत त्या चुकल्या. लोगोखाली आमचं घोषवाक्य होतं, अक्षरं जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची. भरतकामात पाचेक मिलिमीटरच्या खाली अक्षर धड उठत नाही, हे त्यांना माहीत होतं, कारण नंतर त्यांनीच सांगितलं. पण शर्टासाठी केलेली भरतकामाची फाइल टोपीवाल्याकडे तशीच गेली आणि सॅम्पलचा त्यांनी नुसता फोटो पाहिला. टोपीची फाइल वेगळीच करावी लागते, टाके खालून वर आणि मधून बाहेर न्यावे लागतात, नाहीतर कापड पुढे सरकून गोळा होतं. झालं तेच. त्यांनी स्वतःच्या खर्चाने घोषवाक्य काढून टोप्या पुन्हा करून दिल्या, पण तीन आठवडे गेले आणि ज्या कार्यक्रमासाठी त्या होत्या तो टोप्यांशिवाय पार पडला. तेव्हापासून फोटोवर मंजुरी बंद, नग हातात आल्याशिवाय मी सही करत नाही.

दुसरी तक्रार बाटल्यांची. ५०० सांगितल्या, ४७८ आल्या. या धंद्यात पाच टक्के कमी-जास्त चालतं आणि बिल आलेल्या नगांचंच होतं, हे कोटेशनच्या शेवटच्या पानावर होतं. मी वाचलं नव्हतं, ही माझी चूक. पण आमची माणसं ४९० आहेत हे त्यांना ठाऊक होतं. पाऊण तास प्रश्न विचारणाऱ्या बाईंना हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. बारा जणांच्या तोंडाला मला तोंड द्यावं लागलं.

आणि पैशाचं. सल्लागार म्हटलं की आपल्याला वाटतं सल्ल्याची फी असेल. बहुतेकांचं तसं नसतं. ते स्वतः काही बनवत नाहीत, पुरवठादाराकडून घेतात आणि वर मार्जिन लावतात. मॅडमचंही तेच. विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही, पण आपणहून सांगितलंही नाही. मी वस्तू, छपाई, स्क्रीनचा सेटअप आणि वाहतूक अशा वेगळ्या ओळी मागितल्या. दुसऱ्या ऑर्डरीला त्याच पिशवीवर सेटअप पुन्हा लावलेला दिसला. स्क्रीन ठेवल्या होत्या का? होत्या. ती ओळ निघाली. एकाच आकड्यात कोटेशन असतं तर मला ते कधीच दिसलं नसतं.

वेळेबाबतही अपेक्षा बदलावी लागली. जुना व्हेंडर चार दिवसांत माल टाकायचा. मॅडमचं कुठलंही काम पाच-सहा आठवड्यांच्या आत होत नाही, त्यातले दोन नुसते प्रूफ आणि सॅम्पलमध्ये जातात. ज्यांना आदल्या आठवड्यात आठवण होते त्यांनी या वाटेला जाऊ नये. वर्षातून एकदाच पन्नास पेन लागत असतील तरीही जाऊ नये, कुठलाही छपाईवाला ते करतो.

आम्ही आणखी वर्षभराचं काम त्यांनाच दिलंय. या वेळी दोन अटी मी लिहून घेतल्या: नगसंख्या कमी येणार नाही, आणि नव्या पृष्ठभागावर पहिला नग माझ्या टेबलावर. दोन्हींवर सही करताना त्या म्हणाल्या, "पहिली अट घातलीत तर पुरवठादार जास्तच छापणार, वरच्या नगांचे पैसे कोण देणार तेही लिहा." लिहिलं. आम्ही देणार.

मरून टी-शर्टांचा एक गठ्ठा अजून स्टोअरमध्ये पडून आहे. टेस्टिंगवाल्यांना पंप पुसायला म्हणून दिला होता, त्यांनी परत पाठवला. पॉलिएस्टर पाणी टिपत नाही म्हणे.