आठ महिने फॅमिली लिंक: मुलाचा फोन बांधला, आजीचा मोकळाच

मोठा सहावीत, धाकटी तिसरीत. आम्ही दोघं नोकरीला, घरी सासूबाई. दिवाळीनंतर माझा जुना अँड्रॉइड फोन सिम काढून मोठ्याला दिला, क्लासचे व्हिडिओ बघायला म्हणून. पंधरा दिवसांत क्लास बाजूला आणि रील्स पुढे. मग फॅमिली लिंक टाकलं, म्हणजे मुलाचा फोन आपल्या फोनवरून आवरायचं अ‍ॅप. गूगलचंच आहे, फुकट आहे.

सेटिंगला एक संध्याकाळ गेली, त्यातला निम्मा वेळ माझ्याच चुकीपायी. त्याचं आधीचं जीमेल खातं मी जन्मसाल खोटं घालून काढलेलं, गूगलच्या लेखी तो एकवीस वर्षांचा! शेवटी खऱ्या जन्मतारखेने नवीन खातं काढलं.

रोज सव्वा तास, रात्री नऊनंतर बंद. वेळ संपली की फोन आपोआप लॉक होतो. हे मला सगळ्यात आवडलं, कारण 'ठेव आता' म्हणणारी मी राहिले नाही. पहिला आठवडा रडारड झाली, नंतर 'आई, दहाच मिनिटं बोनस दे ना' अशी घासाघीस सुरू झाली. नवीन अ‍ॅप घ्यायचं तर माझ्या फोनवर विनंती येते. यूट्यूबला नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठीचा 'एक्सप्लोर' पर्याय ठेवलाय. लोकेशनचा मात्र आम्हाला उपयोग शून्य. सिमच नाही, तर घराबाहेर इंटरनेट कुठलं? क्लास सुटल्यावर तो इंदिरानगरच्या बोगद्यात ट्रॅफिकमध्ये अडकलाय की मित्राकडे बसलाय, ते घरी आल्यावरच कळतं.

शिवाय राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी सोय, बदलून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सोय अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट उघडूच देत नाही. वायफायवाल्या पोराने पाच मिनिटांत करून दिलं. पण हे फक्त घरच्या वायफायपुरतं. मोबाइल डेटाला लागू नाही, आणि अ‍ॅपच्या आत कोण काय बोलतंय ते त्याला दिसत नाही. चॅट फॅमिली लिंकही दाखवत नाही.

हे कळलं सासूबाईंच्या फोनमुळे. त्यांच्या फोनला ना लॉक, ना मर्यादा, आणि रोजचा डेटा उरलेलाच. सव्वा तास संपला की मोठा आजीच्या कुशीत. मार्चमध्ये एका गेममध्ये कुणा 'दादा'ने त्याला सांगितलं, फुकट डायमंड देतो, घरातल्या कुणाचा तरी नंबर दे आणि त्यावर येणारा सहा आकडी कोड सांग. याने आजीचा नंबर दिला. कोड आला तेव्हा फोन सासूबाईंच्या हातात, चष्मा देवघरात. 'वाच रे, काय आलंय' म्हणून त्यांनी त्यालाच हाक मारली. मेसेजमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं नाव बघून तो गडबडला आणि त्याने मला ऑफिसात फोन केला. ओरडायचं तोंडावर आलेलं, पण गिळलं. ओरडले असते तर पुढच्या वेळी फोन आला नसता.

कोड गेला असता तर आजीचं व्हॉट्सअ‍ॅप त्या 'दादा'च्या हातात गेलं असतं. गेला नाही, म्हणून निभावलं. त्याच रात्री सासूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन (नुसत्या कोडवर खातं उघडू न देणारा) लावला आणि फ्रीजवर १९३० लिहून ठेवलं. पैसे गेले तर त्या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, हे आता सासूबाईंनाही पाठ आहे.

तर घ्यावं का? मूल तेराच्या आतलं आणि फोन अँड्रॉइड असेल तर जरूर घ्या. पण आधी घरात फोन किती आहेत ते मोजा. मी मुलाचाच मोजला.

सासूबाईंच्या फोनलाही आता पॅटर्न आहे. पहिला 'ल' होता, धाकटीने दोन दिवसांत ओळखला. परवा नवीन ठेवला. तो त्या हवेत बोट फिरवून पाठ करतात, आणि धाकटी समोरच बसलेली असते.