गिटहब पेजेस: छंदाचा ब्लॉग आणि हौशी कोडिंग, दीड वर्षाच्या वापरानंतर

सायकलींवरचा माझा ब्लॉग मी दीड वर्षापूर्वी विकतच्या होस्टिंगवरून उचलून गिटहब पेजेसवर आणला, म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या फुकट वेबसाइट चालवायच्या सेवेवर. तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलंय की अनुभव कसा आहे, पैसे सुटतात का, कोडिंग येत नसेल तर जमेल का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधीच सांगते, ब्लॉगमधून घर चालवायचा विचार असेल तर ही जागा त्यासाठी नाही. पण लिहायची आवड आहे, जोडीला थोडं कोड करून बघायचंय आणि त्यातून चार पैसे आले तर हवेच आहेत असं ज्याचं असेल त्याने डोळे झाकून इथे यावं असं माझं मत झालंय, आणि ते मी ब्लॉग आणि त्यातून कमाई दुसरीकडे करून बघितल्यावर झालंय.

आधी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर फरक कळणार नाही. ब्लॉग वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग चालवायच्या एका प्रोग्रामवर, होता. वर्डप्रेसबद्दल माझी तक्रार नाही, २००३ पासून लाखो लोक वापरतायत ते उगाच नाही. पण त्याला मागे पीएचपी ही भाषा लागते, डेटाबेस लागतो, म्हणजे कोणी पान उघडलं की सर्व्हर ते त्या क्षणी जुळवून देतो, आणि असा सर्व्हर कोणीतरी सांभाळावा लागतो. मी तो एका होस्टिंग कंपनीकडे घेतला होता, नाव नको. एक दिवस प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) अपडेट केलं आणि सगळी साइट पांढरी पडली. रोज बॅकअप घेतो म्हणून सांगितलेलं होतं, मागितला तर तीन महिन्यांपूर्वीचा निघाला आणि त्यात फोटोच नव्हते. पोस्ट मी कशाबशा परत गोळा केल्या, फोटो मात्र गेले ते गेलेच, त्यात एका जुन्या फ्रेमला घरी रंग दिला होता त्याचे टप्प्याटप्प्याने काढलेले चाळीसेक फोटो होते, ते परत काढता येणारच नाहीत.

आणि जाहिराती. ब्लॉगवर त्या दाखवण्यासाठी केलेला अर्ज पहिल्यांदा नाकारला, कारण दोन ओळींचं, त्यातून काय सुधारायचं ते कळेना. दुसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा मी खूप खूश होते. मग सुरू झालं रोज दहा-दहा वेळा डॅशबोर्ड उघडून आकडा बघणं. आणि हळूहळू माझं लिहिणंच बदललं. स्वतः दुरुस्त केलेल्या हबबद्दल लिहायचं सोडून 'सर्वोत्तम दहा सायकल लाइट' असलं लिहायला लागले, त्या दहातले आठ लाइट मी हातात धरलेलेसुद्धा नव्हते. ती पोस्ट चालली, हे जास्त वाईट. कोणीतरी त्यावर विश्वास ठेवून अंधारात सायकल चालवली असेल हा विचार मला आजही टोचतो. ती पोस्ट मी नंतर काढून टाकली. पहिला पेमेंट हातात यायला अकरा महिने लागले कारण ठरावीक रक्कम जमेपर्यंत ते पैसे सोडत नाहीत, आणि तो सगळा होस्टिंगच्या नूतनीकरणातच गेला, वर खिशातून घालावे लागले.

आता गिटहब पेजेस. ही सेवा २००८ पासून आहे. गिटहबवर खातं काढायचं, आपलं युजरनेम आणि त्यापुढे डॉट गिटहब डॉट आयओ अशा नावाची रिपॉझिटरी (फाइली ठेवायची जागा) करायची, त्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची एक फाइल टाकायची, थोड्या वेळात साइट सुरू. फुकट. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) पण फुकट, स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) जोडलं तरी. मागे डेटाबेस नाही, पीएचपी नाही, फक्त फाइली जशाच्या तशा वाचकाकडे जातात, त्यामुळे पांढरी पडण्यासारखं मागे काही राहतच नाही. फुकट खात्याला साइट साधारण १ जीबीपर्यंत आणि महिन्याला १०० जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो, मी छंदाच्या ब्लॉगसाठी त्याच्या आसपाससुद्धा पोचलेले नाही, फक्त फोटो चढवण्याआधी लहान करून घेते.

प्रत्येक पान हाताने एचटीएमएल या वेब पानांच्या भाषेत लिहायचं नसतं. जेकिल नावाचा प्रोग्राम आहे, तो गिटहब पेजेसमधेच बसवलेला आहे. तुम्ही मार्कडाउनमधे साधं लिहायचं, ठळक हवं तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या, मथळा हवा तर आधी हॅश, बास. जेकिल त्याची पानं करून देतो. आणि सगळं गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधे राहतं म्हणून प्रत्येक बदल, अगदी स्वल्पविरामसुद्धा, तारखेसकट जपला जातो. फोटो गमावलेल्या माणसाला याची किंमत विचारा! आज माझ्या ब्लॉगची एक पूर्ण प्रत गिटहबवर, एक लॅपटॉपवर, एक जुन्या डेस्कटॉपवर, आणि तिन्हीत सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास आहे.

सुरुवातीला अडखळायला होतं ते खरं आहे, आणि कुठे अडखळायला होतं ते सांगते म्हणजे तुमचे दिवस वाचतील. माझ्या निम्म्या फोटोंच्या जागी तुटलेली चौकट दिसत होती, लॅपटॉपवर मात्र सगळं व्यवस्थित. दोन रात्री गेल्या. फाइलच्या नावात जेपीजी मोठ्या लिपीत होतं आणि पोस्टमधे मी लहान लिपीत लिहिलं होतं, विंडोजला ते एकच वाटतं, तिथल्या सर्व्हरला दोन वेगळ्या फाइली वाटतात. दुसरं म्हणजे पोस्टच्या फाइलच्या नावात सुरुवातीला तारीख लागते, आणि ती तारीख उद्याची असेल तर जेकिल ती पोस्ट गुपचूप गाळू शकतो, कुठे लाल अक्षरात काही येत नाही, मी टाइमझोन भरलेला नव्हता आणि त्या घोळात पोस्ट दिसेना म्हणून मी ती चारदा चढवली. आणि फुकट खात्यावर पेजेस वापरायचं तर रिपॉझिटरी सगळ्यांना उघडी असते, म्हणजे अर्धवट लिहिलेले मसुदे पण कोणीही वाचू शकतो. मी मसुदे लॅपटॉपवरच ठेवते, पूर्ण झाल्याशिवाय चढवत नाही. पासवर्ड, एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) वगैरे तर त्यात कधीच नको, कारण नंतर पुसलं तरी गिटच्या इतिहासात ते राहतं, मग ती किल्ली रद्दच करावी लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. माझा गिअर कॅल्क्युलेटर, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते सांगणारं पान.

मला कोडिंग येत नव्हतं. शाळेत थोडं केलेलं, विसरलेलं. पण पेजेसवर एचटीएमएलसोबत जावास्क्रिप्ट चालतं, ते वाचकाच्या ब्राउझरमधे चालतं त्यामुळे सर्व्हर लागत नाही, म्हणून म्हटलं करून बघू. हिशोब सोपा आहे. पुढच्या चेनरिंगला (पेडलजवळच्या दातेरी चक्राला) ४८ दाते, मागे १६, म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचं चाक तीनदा फिरतं. चाकाचा व्यास म्हणजे रिमचे ६२२ मिलिमीटर आणि टायरची जाडी दोन्हीकडून, २५ मिलिमीटरचा टायर असेल तर ५०, एकूण ६७२. त्याला पायने (π, साधारण ३.१४) गुणलं की घेर साधारण २.११ मीटर, गुणिले तीन, म्हणजे एका फेरीत सायकल ६.३३ मीटर पुढे. वहीत पाच मिनिटांत होतं.

माझा कॅल्क्युलेटर सांगत होता ५८६.६९ मीटर.

सूत्र दहा वेळा तपासलं. पायची किंमत बदलून बघितली. शेवटी मधला प्रत्येक आकडा स्क्रीनवर छापून बघितला तेव्हा व्यासाच्या जागी ६२२५० दिसलं, आणि लख्ख प्रकाश पडला. रकान्यात टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा म्हणून मिळतच नाही, अक्षरं म्हणून मिळतो. टायरला दोनने गुणलं तेव्हा त्याने त्याचा आकडा केला, कारण गुणाकार आकड्यांचाच होतो, पण अधिकचं चिन्ह अक्षरांना पण चालतं, तिथे ते चिकटवतं, म्हणून ६२२ ला ५० चिकटलं. त्या रकान्याच्या किंमतीला 'नंबर' नावाच्या फंक्शनमधून काढलं आणि ६.३३ आलं. रात्रीचा एक वाजला होता आणि मी एकटीच टाळ्या वाजवत होते. त्यानंतर मी कधी कोडला घाबरले नाही, कारण तेव्हा कळलं की मशीन चुकत नाहीये, ते मी सांगितलेलंच करतंय, फक्त मी काय सांगितलं ते मलाच बघायला हवं.

हे पान मी स्वतःसाठी केलं होतं. आज ब्लॉगवर येणाऱ्या दर दहातले सात जण थेट त्याच पानावर येतात, ४१ पोस्ट एकीकडे आणि एक कॅल्क्युलेटर एकीकडे. लोक ते बुकमार्क करतात, कॅसेट (मागच्या चाकाचा दातेरी चक्रांचा संच) बदलायची वेळ आली की परत येतात, आणि मग खाली दिलेली कॅसेट निवडण्याबद्दलची पोस्ट वाचतात. ब्लॉगला वाचक कसे आणायचे यावर मी कितीतरी वाचलं होतं, की-वर्ड काय, मथळे काय, त्या कशानेही झालं नाही ते साठ ओळींच्या कोडने झालं.

पैशाचं सांगते. गिटहब पेजेसच्या नियमांप्रमाणे त्यावर दुकान किंवा ऑनलाइन धंदा चालवायचा नाही, देणगीचं बटण मात्र चालतं. मी जाहिराती पूर्ण काढल्या. कॅल्क्युलेटरच्या खाली एक छोटं बटण ठेवलं, उपयोग झाला असेल तर मदत करा म्हणून. आणि जी वस्तू मी स्वतः निदान एक मोसम वापरलीय तिचीच अॅफिलिएट लिंक, अशा एकूण बारा वस्तू, आणि लिंकच्या शेजारीच लिहिलंय की यातून मला कमिशन मिळतं. लिंकला 'स्पॉन्सर्ड' असा खुणेचा शब्द पण जोडते, गूगलने २०१९ पासून तो दिलाय, म्हणजे सर्चला पण कळतं की ही पैशाची लिंक आहे. यातून वर्षाला डोमेनचे पैसे निघतात आणि वर टायरची एक जोडी येते. जाहिरातींच्या वर्षात याहून थोडे जास्त आले होते पण होस्टिंगने ते खाल्ले, त्यामुळे हातात पडलेलं धरलं तर आत्ताच जास्त आहे. डोमेन मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचं घ्या, आणि होस्टिंगवाल्याकडून नको, वेगळ्या ठिकाणाहून. उद्या उत्पन्न वाढलं आणि पेजेस सोडायची वेळ आली तर फाइली उचलायच्या, दुसरीकडे ठेवायच्या, वाचकाच्या पत्त्यात काही बदलत नाही.

लिंकांवरून आठवलं, दुसरा कोडिंगचा प्रयोग पण कामाला आला. वस्तू बंद होतात, दुकानांची पानं बदलतात आणि आपली लिंक मरते, वाचक रिकाम्या पानावर जातो. पायथनमधे एक स्क्रिप्ट लिहिली, सगळ्या पोस्टमधल्या लिंका काढायची आणि एकेक उघडून बघायची. पहिल्याच दिवशी ६३ मेलेल्या लिंका निघाल्या. ती आता गिटहब अॅक्शन्सवर दर सोमवारी आपोआप चालते, उघड्या रिपॉझिटरीला ते पण फुकट. फक्त वेळ मूळची यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरली जाते, आणि रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर असं ठरलेल्या वेळेचं काम बंद केलं जातं. मी मधे आजारी होते तेव्हा झालं तसं, परत चालू करायला एक क्लिक पुरतो.

काय नाही ते पण सांगते. किती वाचक आले ते पेजेस तुम्हाला दाखवत नाही, वेगळी सोय लावावी लागते. कमेंट नाहीत. गिसकस नावाची सोय आहे, गिटहबच्या डिस्कशन्समधे कमेंट ठेवते, पण त्यासाठी वाचकाचं गिटहब खातं लागतं आणि सायकलवाल्यांकडे ते कुठून असणार, म्हणून मी सरळ ईमेल दिलाय. फोनवरून पटकन पोस्ट टाकायची सवय असेल तर इथे सुरुवातीला चिडचिड होईल.

खातं असलेले वाचक मात्र कमेंटपेक्षा मोठं काहीतरी देतात. माझ्या कॅल्क्युलेटरमधे २६ इंची चाकाला एकच रिम धरलं होतं, ५५९ मिलिमीटर, माउंटन बाइकचं. एका अनोळखी माणसाने पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे माझ्याच कोडची प्रत घेऊन, दुरुस्त करून, हे घ्याल का असं विचारलं. त्याने लिहिलं होतं की २६ इंची म्हणून विकली जाणारी ५७१ आणि ५९० ची रिमं पण आहेत, टायरवर इंच वाचून विकत घेतलं तर बसतच नाही, म्हणून यादीत इंच न देता मिलिमीटर द्या. बरोबर होतं त्याचं, मी स्वतः एकदा तसा न बसणारा टायर घेऊन आले होते. प्रत्येक नवी ओळ हिरव्या आणि काढलेली लाल रंगात समोर दिसत होती, मी एकेक वाचली, घरातल्या तीन सायकलींचे आकडे घालून बघितले आणि मर्जचं बटण दाबून ते माझ्या कोडमधे घेतलं. गेल्या आठवड्यात त्यानेच रॉडब्रेकवाल्या जुन्या काळ्या सायकलींचं ६३५ पण जोडून पाठवलंय, ते या रविवारी तपासायचंय.