बाळंतपण घरी सुईणीसोबत की दवाखान्यात?

घरी बाळंत व्हायचं म्हणजे आपल्या खोलीत, आपल्या वेळेने. कळ आली की भिंतीला टेकायचं, ओणवं व्हायचं, चालायचं. प्रशिक्षित सुईण कंबर दाबत शेजारीच असते, मध्येमध्ये बाळाचे ठोके ऐकते. सिझर आणि कळा वाढवायचं सलाइन यांचं प्रमाणही घरी कमी राहतं. हा दिलासा मला फार मोलाचा वाटतो.

दवाखान्यात ही मोकळीक कमी, पण ऑपरेशन थिएटर, रक्त आणि भूलतज्ज्ञ हाताशी.

खरा फरक पडतो पहिलटकरणीला. इंग्लंडमध्ये २०११ साली सुमारे ६४ हजार कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के बायकांना दवाखान्यात हलवावं लागलं. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा हजारी ९.३, दवाखान्यात ५.३. आधी बाळंत झालेल्यांमध्ये मात्र असा ठळक फरक दिसला नाही. हलवावं लागलं ते १२ टक्क्यांना.

जुळं, पायाळू बाळ, वाढलेलं बीपी किंवा आधीचं सिझर असेल तर मी घराचा विचारसुद्धा करणार नाही. रक्तस्राव सांगून येत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेलाही गाडी दारात उभी हवी आणि सुईणीच्या पिशवीत तो रोखायचं औषध, ऑक्सिटोसिन.