लिनक्सवर टॅली चालवायच्या नादात व्हर्ट-मॅनेजरपर्यंत

घरात डेस्कटॉप एकच, कांजूरमार्गच्या वन बीएचकेत दुसरा ठेवायचा तर माणसं बाहेर काढावी लागतील. त्याच्यावर मी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो. वहिनी दोन-तीन दुकानांचे आणि एका प्रायव्हेट लिमिटेडचे हिशोब घरून करते, तिला टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर लागतं आणि टॅली विंडोजवर चालतं. आधी ड्युअल बूट होतं, दोन्ही सिस्टिम एकाच डेस्कटॉपवर पण एका वेळी एकच चालू, म्हणजे तिला एक बिल बघायचं असलं तरी माझं सगळं बंद करा, रिबूट करा, विंडोजचे अपडेट संपायची वाट बघा. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं लिनक्स तुमच्यापाशी ठेवा, मला वीस तारखेच्या आत रिटर्न भरायचंय." मग विंडोज व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, टाकायचं ठरवलं आणि कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं यात दोन महिने घालवले, ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

मशीन सांगतो आधी. आठव्या जनरेशनचा सेकंडहँड आय फाइव्ह, रॅम ८ जीबी होती, लॅमिंग्टन रोडवरून अजून ८ ची स्टिक आणून टाकली. याच्यावर पैसे वाचवू नका, विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते आणि ४ मध्ये ते रांगतं. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय (व्हर्च्युअलायझेशन) चालू आहे का तेही बघा, इंटेलला व्हीटी-एक्स आणि एएमडीला एसव्हीएम म्हणतात.

पहिलं घेतलं व्हर्च्युअलबॉक्स, कारण सगळे तेच घेतात. खरं सांगायचं तर सुरुवातीला याच्याइतकं सोपं काही नाही, आतल्या विंडोजमध्ये त्याचे गेस्ट ॲडिशन्स टाकले की कॉपी-पेस्ट, स्क्रीन साइज, शेअर्ड फोल्डर सगळं लगेच चालतं, आणि स्नॅपशॉट, म्हणजे मशीन आहे तसं जपून ठेवणं, तर एका क्लिकचं काम. जास्तीच्या सोयींचा एक्स्टेन्शन पॅक मात्र वेगळ्या लायसन्सवर येतो, घरगुती वापराला फुकट, धंद्याला नाही, वहिनीचं काम धंद्यातच मोडतं त्यामुळे तो मी टाकलाच नाही. पुढे काय झालं की मिंटमध्ये नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) आला आणि एका सकाळी व्हर्च्युअल मशीन सुरूच होईना, एरर असा की व्हीटी-एक्स दुसरं कोणीतरी वापरतंय. ते दुसरं कोणीतरी म्हणजे कर्नलचं स्वतःचं केव्हीएम, व्हर्च्युअल मशीन चालवायची त्याची आतलीच सोय. कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा तुकडा) लोड होतानाच प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन स्वतःकडे घेतं, आधी ते व्हर्च्युअल मशीन चालू केल्यावर घ्यायचं. मॉड्यूल काढून टाकलं की चालतं, यात तसा कोणाचा दोष नाही, पण तारीख होती १९ आणि मागे वहिनी उभी होती.

तेव्हा डोक्यात आलं की केव्हीएम कर्नलमध्ये आहेच तर त्याच्याशी भांडायचं कशाला? २००७ साली कर्नल २.६.२० मध्ये ते आलं, तेव्हापासून कर्नलबरोबरच अपडेट होतं. व्हर्च्युअलबॉक्ससारखं बाहेरून मॉड्यूल कंपाइल करायचं नाही, सिक्युअर बूटसाठी (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) त्यावर डिजिटल सही करत बसायचं नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे तसलंच तिसरं सॉफ्टवेअर मी याच कारणाने घेतलं नाही, नोव्हेंबर २०२४ पासून ते धंद्यालाही फुकट आहे आणि विंडोजमध्ये थ्रीडी ग्राफिक्स हवे असतील, म्हणजे कॅड वगैरे, तर तेच घ्या, पण त्याचीही दोन मॉड्यूल बाहेरचीच असतात आणि कर्नल बदलला की परत बनवावी लागतात. टॅलीला थ्रीडी घेऊन काय करायचंय?

केव्हीएमला स्वतःची खिडकी नाही, ते वापरायला दुसरा प्रोग्रॅम लागतो, त्याचे दोन रस्ते. नोम बॉक्सेस अगदीच सरळ, लिनक्सची नवीन डिस्ट्रो (आवृत्ती) बघायची, दोन दिवसांनी डिलीट करायची यासाठी मस्त, पण सेटिंग्ज इतकी कमी की माझ्यासारख्याचे हात शिवशिवतात. दुसरा व्हर्ट-मॅनेजर, मी शेवटी हाच घेतला. दिसायला एकदम सरकारी ऑफिसचा फॉर्म आणि पहिली संध्याकाळ रडवतो, हे आधीच सांगून ठेवतो.

विंडोज ११ साठी यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) निवडा आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) जोडा, ते सॉफ्टवेअरमधलंच असतं. डिस्क व्हर्टआयओवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या जोडणीवर, ठेवली की वेग चांगला मिळतो, पण विंडोजच्या इन्स्टॉलरला ती डिस्क दिसतच नाही! मी तासभर रिकाम्या यादीकडे बघत होतो. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) मशीनच्या दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून लोड ड्रायव्हर करायचं, मग दिसते. सीपीयूच्या टोपॉलॉजीत १ सॉकेट, ४ कोअर असं आहे ना ते एकदा तपासा, कारण विंडोज होम एकच सॉकेट वापरतं, चार सॉकेट दिलेत तर तीन बसून राहतील. आणि मशीनचा स्क्रीन दाखवणाऱ्या स्पाइसचे गेस्ट टूल्स विंडोजमध्ये टाकल्याशिवाय कॉपी-पेस्ट होत नाही.

शेअर्ड फोल्डर ही याची दुखरी बाजू. व्हर्टआयओ-एफएस नावाचा प्रकार आहे, विंडोजमध्ये त्याला अजून दोन गोष्टी टाकाव्या लागतात, मी कंटाळून लिनक्सवर सांबा (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) चालू केलं आणि विंडोजमधून तोच फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून लावला. ज्याला रोज फायली इकडून तिकडे करायच्या आहेत त्याने हे आधीच लक्षात घ्यावं, इथे व्हर्च्युअलबॉक्स सरळ पुढे आहे.

वहिनीच्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनची, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या यूएसबी काडीची, गंमत वेगळीच. हार्डवेअर यादीत कायमचं जोडलं तर टोकन लावलेलं नसताना मशीन सुरूच होत नाही, आणि ते टोकन बऱ्याचदा वहिनीच्या पर्समध्ये, पर्स वहिनीबरोबर दादरला. त्याऐवजी मशीन चालू झाल्यावर मेनूतून यूएसबी रीडायरेक्ट करायचं, म्हणजे टोकन मशीनच्या आत पाठवायचं, टोकन लावलं की दोन क्लिकमध्ये आत.

आता सात-आठ महिने झाले, मधे तीनदा कर्नल बदलला, मशीनला पत्ताही नाही. वहिनी फुल स्क्रीन करून बसते, माझी कामं मागे उघडी राहतात. बॅकअपला दर २१ तारखेला मशीन बंद करून डिस्कची फाइल एक्स्टर्नलवर कॉपी करतो, ६४ जीबीची डिस्क दिली तरी सुरुवातीला फाइल तेवढी मोठी नसते, भरेल तशी फुगते. त्या एक्स्टर्नलवरची जागा मात्र संपत आलीय, परत लॅमिंग्टन रोडला जावं लागणार.